पुठ्ठा, काडेपेट्या, मणी आणि दोरा: विजेशिवाय चालणारे संगणक व खेळ

खटपट्या

बॅटरी नाही, पडदा नाही, एक तारसुद्धा नाही, आणि तरी खेळता खेळता शिकणारं यंत्र घरच्या घरी करता येतं. या विषयावर इथे तिथे सुटे प्रतिसाद दिसतात, एका जागी काहीच नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी काही केलंय त्यांनी मापांसकट लिहा. नुसतं "छान उपक्रम" लिहिलंत तरी चालेल, पण पुठ्ठा कुठला आणि आस कशाचा केला ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

सुरुवात माझ्या लाडक्या यंत्रापासून. डोनाल्ड मिची दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर होते. फुली-गोळा शिकणारं यंत्र त्यांनी १९६१ साली केलं, तेही संगणक न वापरता. साहित्य: ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी. प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती काढलेली. पट फिरवून किंवा आरशात धरून जी स्थिती तीच ठरते ती एकदाच मोजायची, म्हणून ३०४ वर भागलं. नऊ घरं, नऊ रंग. यंत्राची पाळी आली की समोरच्या स्थितीची पेटी शोधायची, खुळखुळवायची आणि पुढे कलती करायची. आत व्ही आकाराची पुठ्ठ्याची पट्टी असते, तिच्या टोकाशी जो मणी येऊन बसेल त्या रंगाच्या घरात खेळी.

डाव संपला की हिशेब. यंत्र जिंकलं तर त्या डावात वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे आणखी तीन मणी टाकायचे. बरोबरी झाली तर एक. हरलं तर काढलेला मणी जप्त. झालं! यंत्राचं नाव मेनेस. सुरुवातीला ते अगदीच बावळट खेळतं, मग हळूहळू त्याला हरवणं जड जायला लागतं. आत कुणीही "समजून" घेत नाहीये, फक्त मण्यांची संख्या बदलतेय.

३०४ पेट्या म्हणजे फार पसारा वाटत असेल तर हेक्सापॉन करा. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९६२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात हा खेळ दिला. २४ पेट्यांत काम होतं. तीन बाय तीनचा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. चालताना सरळ एक घर, मारताना तिरकं. पलीकडच्या रांगेत पोचलात, समोरच्याची सगळी प्यादी मारलीत किंवा त्याला खेळीच उरू दिली नाहीत, की जिंकलात. यंत्र कायम दुसरं खेळतं. त्याच्या पहिल्या खेळीला दोनच पेट्या लागतात, कारण माणूस एक तर मधलं प्यादं हलवणार नाहीतर कडेचं; डावी-उजवी कड आरशात सारखीच.

इथे बक्षीस नाही, फक्त शिक्षा आहे. हरल्यावर यंत्राची शेवटची खेळी ज्या मण्याने झाली तो काढून घ्यायचा. वाटेत एखादी पेटी रिकामी निघाली तर यंत्राने डाव सोडला असं धरायचं आणि त्याच्या आधीच्या पेटीतला मणी काढायचा. या खेळात दुसऱ्या खेळाडूला हमखास जिंकायची वाट आहे. त्यामुळे मार खाऊन खाऊन यंत्र शेवटी त्याच वाटेवर येतं, आणि मग तुमची धडगत नाही.

पाटीपेन्सिल

धागा आवडला. काडेपेट्यांची खरंच गरज आहे का? मी कागदाची छोटी पाकिटं वापरली. वर स्थितीचं चित्र, आत रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या. जागा कमी लागते आणि क्रमाने लावून ठेवता येतात. अडचण एकच: चिठ्ठी न बघता काढायची म्हटली तरी मुलं बोटाने चाचपतात, आणि वेगवेगळे कागद चाचपून ओळखूही येतात. सगळ्या चिठ्ठ्या एकाच कार्डशीटच्या कापा आणि रंग वरून द्या.

खटपट्या

@पाटीपेन्सिल, पाकिटं उत्तम. फक्त मण्यांचा आवाज गेला! मेनेस करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. मिचींनी सगळ्या पेट्यांत सारखे मणी टाकले नव्हते. यंत्राच्या पहिल्या खेळीच्या पेटीत प्रत्येक रंगाचे चार, दुसऱ्या खेळीच्या पेट्यांत तीन, मग दोन, मग एक. पहिली पेटी तर प्रत्येक डावात वापरली जाते, त्यामुळे हारही सगळ्यात जास्त वेळा तिलाच सोसावी लागते. तिच्यात मणी कमी असतील तर शिकण्याआधीच ती रिकामी व्हायची. उलट शेवटाकडची खेळी चुकली की डाव तिथल्या तिथे जातो, म्हणून तिथे एका मण्यावर फैसला परवडतो.

शून्यएक

मेनेस झकास आहे, पण ते एका खेळापुरतं यंत्र झालं. कुठलाही कार्यक्रम चालवणारा संगणक पुठ्ठ्यात हवा असेल तर कार्डिअ‍ॅक. बेल लॅब्जने १९६८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी काढला, डेव्हिड हेगेलबार्गर आणि सॉल फिंगरमन यांचं काम. स्मृतीची १०० घरं, ०० ते ९९. प्रत्येकात तीन अंकी संख्या, पेन्सिलीने लिहायची, रबराने खोडायची. दहा आज्ञा. पहिला अंक काय करायचं ते सांगतो, पुढचे दोन कुठल्या घराशी ते. ० म्हणजे बाहेरून आकडा घेऊन त्या घरात लिही, १ म्हणजे संचयक (चालू हिशेबाचा आकडा ठेवायची जागा) पुसून त्या घरातला आकडा त्यात घे, २ मिळव, ५ बाहेर लिही, ६ साठव, ७ वजा कर, ८ त्या घरावर उडी मार, ९ थांब. ३ आणि ४ नंतर बघू. आत्ता कुठल्या घरातली आज्ञा चालू आहे हे दाखवायला पुठ्ठ्याचा एक किडा असतो, तो त्या घराशेजारच्या भोकात खोचायचा.

दोन आकड्यांची बेरीज, १७ व्या घरापासून:

१७: ०३४
१८: ०३५
१९: १३४
२०: २३५
२१: ६३६
२२: ५३६
२३: ९००

पहिले दोन आकडे ३४ आणि ३५ मध्ये येतात, बेरीज ३६ मध्ये जाते, बाहेर पडते, खेळ खल्लास.

पण यातली खरी मौज ०० या घरात आहे. तिथे ००१ हे छापूनच येतं, खोडता येत नाही. ००१ म्हणजे "बाहेरून एक आकडा घे आणि ०१ मध्ये लिही". समजा स्मृती कोरी आहे, किडा ०० वर आहे आणि आत येणाऱ्या पट्टीवर पहिले दोन आकडे ००२ आणि ८०० आहेत. ०० मधली आज्ञा चालते, ००२ हा आकडा ०१ मध्ये बसतो. किडा ०१ वर. तिथे आता ००२, म्हणजे "पुढचा आकडा ०२ मध्ये लिही". ८०० तिथे बसतो. किडा ०२ वर, आज्ञा ८००, म्हणजे ०० वर उडी. झाला की फेरा तयार! आता पट्टीवर ०१७, ०३४ असे जोडीने आकडे द्या. ०१७ जातो ०१ मध्ये, तोच आज्ञा होऊन पुढचा ०३४ हा १७ मध्ये नेऊन ठेवतो, मग उडी, परत पहिल्यापासून. असा सगळा कार्यक्रम आत चढतो. शेवटी ००२, ८१७ दिलं की ०२ मधली उडी बदलते आणि किडा थेट १७ वर. खोडता न येणाऱ्या एका आकड्यावर कोरा संगणक स्वतःला उभा करतो. हे कागदावर स्वतः सरकवून बघा, वाचून तेवढी मजा येत नाही.

तिरकस

बेरीज मी करायची, खोडायचं मी, किडा मी सरकवायचा. मग पुठ्ठा काय करतो? हा संगणक नसून बिनपगारी नोकरी आहे. यापेक्षा मोबाइलवर याचंच सोंग वठवणारं अ‍ॅप घेतलं तर काय बिघडलं?

शून्यएक

@तिरकस, नोकरी हे बरोबर ओळखलंत. तुम्ही त्यात आज्ञाधारक कारकून आहात. बेरीज तुम्ही करता, पण कशाची करायची, उत्तर कुठे लिहायचं आणि पुढे कुठल्या ओळीवर जायचं यातलं काहीही तुम्ही ठरवत नाही. सरकपट्ट्यांवर आज्ञेचे तीन अंक लावले की खिडकीतून पुढची पायरी दिसते, बाण कुठे नेतोय ते कळतं. आज्ञा आणि आकडा एकाच जातीचे असतात, तोच ०३४ कधी आकडा म्हणून लिहिला जातो आणि कधी आज्ञा म्हणून पाळला जातो, हे अ‍ॅपमध्ये डोळ्यांसमोरून निघून जातं. हाताने केलं की अडखळायला होतं, आणि अडखळलं की कळतं.

खटपट्या

माणसाने संगणक होऊन दाखवायची परंपरा चांगली जुनी आहे. अ‍ॅलन ट्युरिंगने १९४८ च्या आपल्या अहवालात याला "कागदी यंत्र" असंच म्हटलंय: कागद, पेन्सिल, रबर आणि शिस्तीत नियम पाळणारा माणूस. त्याच सुमारास डेव्हिड चँपरनाउन यांच्याबरोबर त्याने बुद्धिबळाचा कार्यक्रम लिहिला. तो चालवायला यंत्रच नव्हतं. १९५२ मध्ये अ‍ॅलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध ट्युरिंग स्वतः नियम पाळत एकेक खेळी काढत बसला. एका खेळीला अर्धा अर्धा तास. वर डाव हरला तो हरलाच. तिरकसराव, तुमची नोकरी त्या मानाने आरामाची आहे.

काडीमोड

कार्डिअ‍ॅक मोठा वाटत असेल त्यांच्यासाठी जर्मनीतला कागदी संगणक. १९८३ मध्ये तिथल्या डब्ल्यूडीआर वाहिनीच्या संगणकविषयक कार्यक्रमातून तो लोकांपर्यंत पोचला. याला आकडे लिहावेसुद्धा लागत नाहीत. कागदावर आठ खाने, प्रत्येकात आगकाड्या. तीन काड्या म्हणजे तीन. आज्ञा पाचच: काडी टाक, काडी काढ, अमुक ओळीवर जा, खाना रिकामा असेल तर पुढची ओळ गाळ, थांब. पेन्सिलचं टोक चालू ओळीवर ठेवायचं.

पहिल्या आणि दुसऱ्या खान्याची बेरीज:

१. ओळ ४ वर जा
२. खाना १ मध्ये काडी टाक
३. खाना २ मधून काडी काढ
४. खाना २ रिकामा असेल तर पुढची ओळ गाळ
५. ओळ २ वर जा
६. थांब

सुरुवातीलाच ४ वर उडी का? कारण दुसऱ्या खान्यात आधीपासून काहीच नसेल तर एकही काडी न हलवता थांबता यायला हवं. मी हे लहान मुलांना दाखवतो तेव्हा पहिली ओळ मुद्दाम झाकून ठेवतो आणि दुसरा खाना रिकामा देतो. मुलं पहिल्या खान्यात काडी टाकतात, मग रिकाम्या खान्यातून काडी काढायला जातात आणि माझ्याकडे बघतात. त्यानंतर पहिली ओळ का हवी हे सांगावं लागत नाही.

मीनल_क

भारी आहे हे! वजाबाकी कशी करायची?

काडीमोड

@मीनल_क, दुसऱ्या ओळीत "टाक" च्या जागी "काढ" करा, बाकी सगळं तसंच. दोन्ही खान्यांतून एकेक काडी जात राहते. पहिल्या खान्यात कमी काड्या असतील तर मात्र अडेल, ऋण काडी अजून कुणी बनवलेली नाही. गुणाकार तुमच्यावर सोपवतो. सूचना: एक खाना नुसता आठवण ठेवायला लागेल.

दोरागाठी

आत्तापर्यंत सगळे मोजणारे संगणक झाले. मण्यांची संख्या, काड्यांची संख्या. लांबीने, ताणाने, वक्रतेने उत्तर देणारे संगणक वेगळ्या जातकुळीचे, आणि करायला त्याहून सोपे. अ‍ॅनालॉग म्हणायचं तर खरे हेच.

पहिला: सरकपट्टी. जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिदम मांडले, त्यानंतर दहा वर्षांच्या आतच विल्यम ऑट्रेडने लॉगच्या दोन पट्ट्या शेजारी सरकवून गुणाकार केला. कार्डशीटच्या दोन पट्ट्या घ्या, २५ सेंटिमीटरच्या. डाव्या टोकाला १. मग मिलिमीटरमध्ये: २ ला ७५.३, ३ ला ११९.३, ४ ला १५०.५, ५ ला १७४.७, ६ ला १९४.५, ७ ला २११.३, ८ ला २२५.८, ९ ला २३८.६, आणि १० ला २५०. एका पट्टीचा १ दुसरीच्या २ समोर आणा, पहिलीच्या ३ समोर दुसरीवर ६ दिसेल. लांब्यांची बेरीज झाली, आकड्यांचा गुणाकार झाला. उत्तर पट्टीबाहेर गेलं (६ गुणिले ७ करून बघा) तर १ ऐवजी १० जुळवा, ४.२ दिसेल, दशांशचिन्ह आपण सरकवायचं.

दुसरा: दोऱ्याचा नकाशा. प्रत्येक गाव म्हणजे एक गाठ, दोन गावांमधल्या रस्त्याच्या प्रमाणात तेवढा दोरा. सगळं जाळं टेबलावर टाका, हव्या त्या दोन गाठी चिमटीत धरा आणि एकमेकींपासून लांब ओढा. जे दोरे ताठ होतील तो सगळ्यात जवळचा रस्ता. दोरा न ताणणारा हवा, लोकर चालणार नाही.

तिसरा: साबणाचा पडदा. पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन तुकडे समांतर धरून मध्ये चार खिळे, चौरसाच्या चार कोपऱ्यांत. साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढा. चारही खिळ्यांना जोडणारं सगळ्यात छोटं जाळं कोणतं, याचं उत्तर पडदा काढून देतो. आपण म्हणू दोन कर्ण. चौरसाची बाजू १ असेल तर कर्णांची बेरीज २.८३ भरते. पडदा मध्ये दोन सांधे करतो, प्रत्येक ठिकाणी १२० अंशांचे कोन, आणि एकूण लांबी २.७३. खिळे वाढवत गेलात की पडदा कधीकधी जवळपासच्या दुसऱ्याच आकारात अडकतो, तो सगळ्यात छोटा असेलच असं नाही. परत बुडवायचा.

तिरकस

हे आवडलं. पडदा मला कामाला लावत नाही.

शून्यएक

@दोरागाठी, सुंदर. पण एक बघा. तुमच्या सरकपट्टीत रेघ अर्धा मिलिमीटर चुकली तर उत्तर जवळपास अर्ध्या टक्क्याने चुकतं, पट्टीवर कुठेही असलात तरी. एकामागून एक गुणाकार केले तर अशा चुका साचत जातात. कात्री जितकी सरळ तितकंच उत्तर खरं.

आता याच्या शेजारी गोट्यांची द्विमान मोजणी (फक्त ० आणि १ वापरून केलेली) ठेवा. पुठ्ठ्याची एक झुलती पाकळी, उलट्या टी आकाराची, मध्ये टाचणीचा आस. वरून गोटी पडली की पाकळी डावीकडून उजवीकडे कलंडते आणि गोटी बाहेर जाते. दुसरी गोटी पडली की पाकळी परत डावीकडे येते आणि ही गोटी खालच्या पाकळीवर पडते. तोच हातचा. एकाखाली एक चार पाकळ्या लावल्या की १५ पर्यंत मोजता येतं, सोळाव्या गोटीला सगळं परत शून्य. जॉन गॉडफ्री यांचं डिजिकॉम्प टू हे १९६० च्या दशकातलं खेळणं याच तत्त्वावर गोट्यांनी बेरीज-गुणाकार करायचं.

माझी पाकळी एका बाजूला दोन मिलिमीटर जाड कापली गेली, आस तिरका आहे, आणि मोजणी तरीही अचूक येते, कारण पाकळीला फक्त "इकडे" किंवा "तिकडे" एवढंच व्हायचंय. थोडी कमी कलंडली काय, जास्त कलंडली काय, पुढच्या गोटीला फरक पडत नाही. चूक तिथल्या तिथे मरते. वाकड्यातिकड्या पुठ्ठ्यातून बरोबर उत्तर काढायची ही युक्ती माझ्या मते या धाग्यातल्या सगळ्या यंत्रांत भारी आहे, आणि ती कळायला पुठ्ठा वाकडाच कापलेला बरा.

दोरागाठी

मान्य, पण तुमच्या पाकळ्यांकडून १२० अंशांचा सांधा काढून दाखवा.

अर्धवर्तुळ

@शून्यएक, माझी पाकळी मधोमध उभीच राहते, गोटी वर अडकून बसते. काय करू?

शून्यएक

@अर्धवर्तुळ, वजन आसाच्या खाली गेलंय, म्हणून ती तराजूसारखी समतोल साधतेय. आपल्याला ती अस्थिर हवी. वरच्या टोकाला पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे चिकटवा, वजन आसाच्या वर गेलं की ती मधे थांबणारच नाही, कुठल्यातरी बाजूला पडेल. फार वजन दिलंत तर मात्र गोटीला ती उलटवता येणार नाही. आणि टाचणी थेट पुठ्ठ्यात खुपसू नका, भोक मोठं होत जातं. रिकाम्या रिफिलचा तुकडा पुठ्ठ्यात बसवा आणि टाचणी त्यातून न्या.

पाटीपेन्सिल

गोट्यांवरून आठवलं. गॉडफ्री यांचंच डॉक्टर निम नावाचं खेळणं होतं. त्याची कागदी भावंडं अगदीच सोपी. गोट्यांचा एक ढीग, पाळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या, शेवटची उचलेल तो जिंकला. यंत्र म्हणजे एक चकती, तिच्यावर गोलाकार ०, १, २, ३. कुणीही जितक्या गोट्या उचलेल तितकी घरं चकती मागे फिरवायची. यंत्राची पाळी आली की बाणासमोर जो आकडा असेल तितक्या उचलायच्या, शून्य असेल तर एक. ढीग १२ चा, बाण शून्यावर आणि पहिली पाळी माणसाची, एवढं ठेवलं की यंत्र हरत नाही. तुम्ही एक उचलली, बाण ३ वर, यंत्र तीन उचलतं. तुम्ही दोन, यंत्र दोन. चकती फक्त चारने भागून उरलेली बाकी लक्षात ठेवते.

पेशी_पेशी

कुणीच कॉनवेचा 'लाइफ', म्हणजे नियमाने जगणाऱ्या-मरणाऱ्या पेशींचा खेळ, कसा काढला नाही? १९७० च्या ऑक्टोबरमध्ये गार्डनर यांच्याच सदरात आला, आणि त्याआधी जॉन कॉनवे आणि मंडळींनी तो पटावर सोंगट्या मांडूनच शोधला होता. चौकटींचा कागद आणि दोन रंगांची बटणं एवढं पुरतं. बटण असलेलं घर म्हणजे जिवंत पेशी. शेजारच्या आठ घरांत (तिरकी धरून) दोन किंवा तीन जिवंत असतील तर पेशी टिकते, नाहीतर मरते. रिकाम्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी असतील तर तिथे नवी जन्मते. हाताने खेळताना घोटाळा एकाच ठिकाणी होतो: मोजता मोजता बटणं उचलली जातात आणि शेजाऱ्यांची मोजणी बिघडते. म्हणून आधी जन्माच्या घरांत दुसऱ्या रंगाची बटणं ठेवायची, मरणाऱ्यांवर जुन्याच रंगाचं आणखी एकेक चढवायचं, मोजताना फक्त जुना रंग बघायचा, आणि सगळा कागद झाला की एकदम आवरायचं. पाच बटणांचा ग्लायडर चार पिढ्यांत तिरका एक घर सरकतो, तेवढा नक्की करा. आर-पेंटोमिनोच्या नादी हाताने लागू नका. तोही पाच बटणांचाच, पण शांत व्हायला ११०३ पिढ्या घेतो.

मीनल_क

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. यातलं आधी काय घेऊ? आणि पाटीपेन्सिल, ती चकती फिरायला मध्ये काय लावलंत? टाचणी वाकवून लावली तर दोन दिवसांत ढिली होते.

खटपट्या

@मीनल_क, हेक्सापॉन. पण पेट्या तयार करून देऊ नका, २४ स्थिती तिलाच शोधू द्या. निम्मं शिक्षण तिथेच आहे, आणि एखादी राहिली तर खेळताना आपोआप सापडेल: पेटीच नाही म्हणून यंत्र गप्प बसेल. कार्डिअ‍ॅक दोनेक वर्षांनी.

पाटीपेन्सिल

टिचबटण! शिवणकामाच्या डब्यात असतं ते. एक भाग चकतीला शिवायचा, दुसरा खालच्या पुठ्ठ्याला. चकती सहज फिरते, ढिली होत नाही आणि बदलायची असेल तर टच करून निघते. भोक दाभणाने पाडा, कर्कटकाच्या टोकाने पुठ्ठा फाटतो.